मोबाइलचे चक्र नेमके कुठे अडते? वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

जुन्या मोबाइल फोनचे काय करावे, ते दुरुस्त का होत नाहीत आणि शेवटी जातात कुठे, याविषयी वाचकांची पत्रे सातत्याने येत असतात. त्यांतील निवडक पत्रांना या वेळी सविस्तर उत्तरे देत आहोत. पत्रे संक्षिप्त केली असून पत्रलेखकांची नावे दिलेली नाहीत.

प्रश्न : मुलांनी वापरून बाजूला ठेवलेले काही फोन आमच्या कपाटात बरीच वर्षे पडून आहेत. ‘चक्रीय अर्थव्यवस्था’ हा शब्द हल्ली वारंवार वाचनात येतो. असे फोन भंगारात न देता रिसायकलिंगसाठी दिले की चक्र पूर्ण झाले, असे समजावे काय?
— निवृत्त शिक्षक, सातारा

उत्तर : तसे समजू नये. चक्रीय अर्थव्यवस्थेची मूळ कल्पना अशी की, एकदा खाणीतून काढलेला आणि प्रचंड ऊर्जा खर्चून वस्तूच्या रूपात आणलेला माल शक्य तितका काळ त्याच रूपात उपयोगात राहावा. वस्तू बिघडली तर ती दुरुस्त व्हावी, एकाला नकोशी झाली तर दुसऱ्याच्या हाती जावी, ती संपूर्ण वाचवता येत नसेल तर तिचे सुटे भाग दुसऱ्या वस्तूंना जीवदान देण्यास उपयोगी पडावेत, आणि यांपैकी काहीच शक्य नसेल तेव्हाच ती फोडून, वितळवून तिच्यातील धातू परत मिळवावेत. रिसायकलिंग ही या क्रमातील शेवटची पायरी आहे, आणि दुर्दैवाने आपल्याकडील बहुतेक चर्चा याच पायरीपासून सुरू होते.

फोनच्या बाबतीत हा क्रम विशेष महत्त्वाचा ठरतो. स्मार्टफोनच्या संपूर्ण आयुष्यात जे कर्ब उत्सर्जन होते, त्याचा साधारण चार पंचमांश भाग तो ग्राहकाच्या हाती पडण्यापूर्वीच, म्हणजे निर्मितीच्या टप्प्यात, होऊन गेलेला असतो. आपण वर्षानुवर्षे तो चार्ज करतो त्या विजेचा वाटा त्या मानाने लहान असतो. निर्मितीतील या खर्चाचा मोठा भाग चिप आणि पडदा घडवण्यात जातो. फोन भट्टीत गेला की तांबे आणि सोने परत हाती येते, पण चिपमध्ये ओतलेले श्रम, पाणी आणि ऊर्जा कायमची नाहीशी होते. म्हणून तीन वर्षे चालणारा फोन पाच वर्षे चालवणे हे तो तीन वर्षांनी उत्तम कारखान्यात रिसायकल करण्यापेक्षा कितीतरी हिताचे आहे.

रिसायकलिंगचे चित्रही समाधानकारक नाही. संयुक्त राष्ट्रांच्या संस्थांनी २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या जागतिक ई-कचरा अहवालानुसार २०२२ या एका वर्षात जगात ६ कोटी २० लाख टन ई-कचरा निर्माण झाला आणि त्यापैकी केवळ २२.३ टक्के कचरा रीतसर गोळा होऊन त्यावर प्रक्रिया झाल्याची नोंद आहे. ई-कचरा निर्माण करण्यात चीन आणि अमेरिकेनंतर भारताचा क्रमांक लागतो.

आपल्या कपाटातील फोनविषयी एवढेच सांगावेसे वाटते की, पडून राहणे हाच या चक्रातील पहिला अडथळा आहे. दोन वर्षांपूर्वी जो फोन दुसऱ्या कुणाला वापरता आला असता, त्याची बॅटरी आज निकामी झालेली असते आणि त्याला मिळणारी सॉफ्टवेअर अद्यतने थांबलेली असतात. ‘असू दे, कधीतरी कामाला येईल’ या भावनेने ठेवलेला फोन बहुधा कामाला येत नाही. चालू स्थितीतील फोन घरात नवा फोन आला त्याच महिन्यात दुसऱ्याला द्यावा किंवा विकावा.

प्रश्न : मी बरीच वर्षे मोबाइल दुरुस्तीचे दुकान चालवतो. पूर्वी मागचे झाकण नखाने उघडून बॅटरी बदलता येत असे. आता हीट गन लावल्याशिवाय फोन उघडत नाही. एका कंपनीच्या फोनला त्याच मॉडेलचा, दुसऱ्या फोनमधून काढलेला अस्सल डिस्प्ले बसवला, तरी फोन इशारा दाखवतो आणि काही सुविधा बंद पडतात. ग्राहकाला वाटते की, मीच खोटा माल लावला. यात आमचा दोष काय?
— मोबाइल दुरुस्ती व्यावसायिक, कोल्हापूर

उत्तर : आपला दोष काहीही नाही. उलट या संपूर्ण विषयाचा गाभा आपल्या पत्रात आलेला आहे, म्हणून त्याला सर्वाधिक जागा देत आहोत.

पहिली अडचण रचनेची. फोन सडपातळ आणि पाण्यापासून सुरक्षित करण्याच्या प्रयत्नात स्क्रूची जागा गोंदाने घेतली. मागची काच चिकटवलेली, बॅटरी चिकटवलेली, आणि पुढची काच, टच व पडदा हे तिन्ही एकमेकांना चिकटवून एकच ‘कॉम्बो’ केलेला. त्यामुळे केवळ वरची काच तडकली तरी बहुतेक वेळा अख्खा कॉम्बो बदलावा लागतो. बारा-पंधरा हजारांच्या फोनचा बाजारभाव दोन वर्षांत निम्म्यावर आलेला असताना कॉम्बोची किंमत मात्र फारशी उतरत नाही, आणि मग ‘एवढे पैसे घालण्यापेक्षा नवाच घेऊ’ हा ग्राहकाचा हिशेब त्याच्या जागी बरोबर ठरतो. त्या ग्राहकाला चंगळवादी म्हणून दोष देणे आम्हाला अन्यायाचे वाटते, कारण हा हिशेब त्याने ठरवलेला नसून फोनच्या आराखड्यातच तो ठरून गेलेला आहे.

दुसरी अडचण आपण वर्णन केली आहे ती. सुट्या भागाला अनुक्रमांक देऊन तो मदरबोर्डशी, म्हणजे फोनच्या मुख्य सर्किट बोर्डाशी, सॉफ्टवेअरने बांधून ठेवण्याची पद्धत काही उत्पादकांनी अवलंबिली आहे. आयफोनच्या संदर्भात तिची सर्वाधिक चर्चा झाली. असा भाग दुसऱ्या फोनमधून काढून बसवला, तर कंपनीच्या यंत्रणेतून त्याची ‘ओळख’ पटवल्याशिवाय तो पूर्ण क्षमतेने काम करत नाही. चोरीच्या फोनचे भाग विकले जाऊ नयेत आणि बोटाचा ठसा किंवा चेहरा ओळखणाऱ्या भागात कुणी फेरफार करू नये, हे कंपन्यांचे म्हणणे अगदीच निराधार नाही. परंतु त्याच कारणाने साधी बॅटरी आणि पडदाही बांधून ठेवणे पटण्यासारखे नाही. ‘डेड सेट’, म्हणजे पूर्ण बंद पडलेला फोन, उघडून त्यातील चांगले भाग दुसऱ्या फोनला लावणे ही चक्रीय अर्थव्यवस्थेची अगदी शुद्ध कृती होय, आणि नेमकी तीच या बांधणीमुळे अशक्य होते. अमेरिकेतील ओरेगन राज्याने २०२४ मध्ये कायदा करून नव्या उपकरणांसाठी अशा बांधणीवर बंदी आणली. त्याच वर्षी ॲपलनेही वापरलेल्या अस्सल भागांना आपल्या काही फोनमध्ये मान्यता देण्याचे जाहीर केले. कायद्याचा दबाव आला की तांत्रिक अडचणी दूर होऊ शकतात, हे यावरून दिसते.

युरोपीय संघाने २० जून २०२५ पासून फोनसाठी लागू केलेले नियम आपल्या दृष्टीने विशेष अभ्यासण्यासारखे आहेत. एखाद्या मॉडेलची विक्री थांबल्यानंतरही सात वर्षे त्याचे महत्त्वाचे सुटे भाग उपलब्ध ठेवणे, ते ठरावीक दिवसांत पोहोचवणे, व्यावसायिक दुरुस्तीकारांना आवश्यक ती माहिती देणे आणि विक्री थांबल्यापासून किमान पाच वर्षे सॉफ्टवेअर अद्यतने देणे उत्पादकांवर बंधनकारक झाले आहे. फोनच्या लेबलवर त्याची दुरुस्ती किती सुलभ आहे याची श्रेणीही छापावी लागते. फ्रान्सने तर १ जानेवारी २०२१ पासूनच स्मार्टफोनसह काही वस्तूंवर दहापैकी गुण दाखवणारा दुरुस्ती निर्देशांक सक्तीचा केला, आणि त्यात सुट्या भागांच्या किमतीलाही गुण ठेवले.

भारतात केंद्रीय ग्राहक व्यवहार विभागाने २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्काविषयी समिती नेमली आणि त्याच वर्षी २४ डिसेंबरला, राष्ट्रीय ग्राहक दिनी, त्यासाठी संकेतस्थळ सुरू केले. पुढे सप्टेंबर २०२४ मध्ये मोबाइल व इलेक्ट्रॉनिक वस्तूंसाठी दुरुस्ती निर्देशांकाचा आराखडा तयार करण्यास दुसरी समिती नेमण्यात आली आणि तिने मे २०२५ मध्ये अहवाल सादर केला. हे सारे स्वागतार्ह आहे, परंतु संकेतस्थळावर सेवा केंद्राचा पत्ता आणि हमीच्या अटी मिळाल्याने आपल्यासारख्या स्वतंत्र कारागिराच्या टेबलावर सुटा भाग येऊन पडत नाही. त्यासाठी भाग विकण्याची सक्ती हवी, आणि तो भाग अधिकृत केंद्राबाहेरच्या दुकानालाही वाजवी दराने मिळाला पाहिजे.

येथे एक गोष्ट आवर्जून नोंदवावीशी वाटते. युरोपात दुरुस्ती महाग पडते ती मुख्यतः मजुरीमुळे. आपल्याकडे परिस्थिती वेगळी आहे. मुंबईचा लॅमिंग्टन रोड किंवा पुण्याची तपकीर गल्ली येथपासून तालुक्याच्या बसस्थानकासमोरील टपरीपर्यंत, सूक्ष्मदर्शकाखाली चिप काढून पुन्हा बसवणारे कारागीर आपल्याकडे आहेत. ज्या कौशल्यासाठी श्रीमंत देश चाचपडत आहेत ते आपल्या बाजारपेठांत मुबलक आहे, आणि अडते आहे ते सुटे भाग व सर्किटचे आराखडे यांपाशी. म्हणून दुरुस्ती निर्देशांकात सुट्या भागांची किंमत आणि उपलब्धता यांना सर्वाधिक वजन मिळावे, असे आमचे मत आहे. या मागणीसाठी आपल्यासारख्यांच्या संघटनांनी लेखी म्हणणे मांडणे फार गरजेचे आहे, कारण अशा समित्यांसमोर कंपन्यांचे प्रतिनिधी पूर्ण तयारीनिशी हजर असतात.

प्रश्न : माझा फोन उत्तम चालतो, बॅटरीही नुकतीच बदलली आहे. तरीही बँकेचे ॲप ‘हे उपकरण सुरक्षित नाही’ असे सांगून बंद होते. चांगला फोन टाकून द्यायचा का?
— खासगी नोकरदार, ठाणे

उत्तर : आपल्या फोनचे यंत्र शाबूत आहे, त्याचे आयुष्य संपवले आहे ते सॉफ्टवेअरने. उत्पादक सुरक्षा अद्यतने देणे थांबवतो, मग बँका आणि इतर सेवा जुन्या आवृत्त्या नाकारू लागतात. बँकेच्या बाजूने पाहिले तर ही खबरदारी योग्यच आहे, कारण उघड्या पडलेल्या त्रुटींतून ग्राहकांचे पैसे जाऊ शकतात. पण त्याची किंमत एका धडधाकट उपकरणाने मोजावी लागते.

अद्यतनांचा काळ हा केवळ तांत्रिक प्रश्न नाही, तो खर्चाचा आणि इच्छेचा प्रश्न आहे. गूगलने ऑक्टोबर २०२३ मध्ये पिक्सेल ८ साठी आणि सॅमसंगने जानेवारी २०२४ मध्ये गॅलेक्सी एस २४ साठी सात वर्षांच्या अद्यतनांचे आश्वासन दिले. म्हणजे हे करता येते. मात्र हे महागडे फोन आहेत. आपल्या देशात ज्या किमतीचे फोन सर्वाधिक विकले जातात, त्यांना अनेकदा याच्या निम्माही काळ मिळत नाही. ज्याच्याकडे पैसे कमी त्याचा फोन लवकर बाद, ही स्थिती आम्हाला विषमतेची वाटते आणि त्यावर पुरेशी चर्चा होत नाही याची खंत वाटते.

लिनिएजओएससारखी, अँड्रॉइडवर आधारित मुक्त प्रणाली टाकून जुना फोन नव्या आवृत्तीवर आणता येतो, परंतु अनेक उत्पादक प्रणाली बदलू न देणारे सॉफ्टवेअरचे कुलूप उघडू देत नाहीत, आणि उघडले तरी बँकांची ॲप अशा फोनला बहुधा नाकारतात. त्यामुळे आपला फोन टाकून न देता त्यावरून आर्थिक व्यवहार बंद करावेत आणि तो वाचन, ध्वनिमुद्रण, घरातील मुलांचा अभ्यास किंवा केवळ बोलण्यासाठी वापरावा, हा त्यातल्या त्यात बरा मार्ग. नवा फोन घेताना मात्र कॅमेऱ्याच्या मेगापिक्सेलआधी ‘सुरक्षा अद्यतने कोणत्या वर्षापर्यंत?’ हा प्रश्न विक्रेत्याला विचारावा.

प्रश्न : जुना फोन विकायला भीती वाटते. फोटो, बँकेचे संदेश, आधारची प्रत असे सारे त्यात असते. पुसलेली माहिती परत काढता येते असे म्हणतात. शिवाय जुना फोन विकत घेताना तो चोरीचा निघाला तर?
— गृहिणी, नागपूर

उत्तर : आपली भीती अनेकांच्या मनात आहे, आणि फोन कपाटात पडून राहण्याचे तेच एक मोठे कारण आहे. अलीकडच्या काही वर्षांतील अँड्रॉइड फोन आणि आयफोन यांतील माहिती मुळातच कूटबद्ध स्वरूपात साठवलेली असते. ‘फॅक्टरी रीसेट’ केल्यावर ती उलगडणारी किल्लीच नष्ट होते, त्यामुळे नंतर कुणी माहिती काढण्याचा प्रयत्न केला तरी त्याच्या हाती अर्थहीन अक्षरे लागतात. खूप जुन्या फोनची गोष्ट वेगळी, तेथे धोका अधिक असतो.

रीसेट करण्यापूर्वी फोनमधून गूगल किंवा ॲपलचे खाते काढून टाकणे, म्हणजे ‘साइन आउट’ करणे, अत्यंत आवश्यक आहे. तसे केले नाही तर फोन नव्या मालकाकडे गेल्यावर आपला पासवर्ड मागत राहतो आणि पूर्ण चांगला असूनही केवळ सुट्या भागांच्या किमतीला उतरतो. चोरीला आळा घालण्यासाठी केलेली ही सोय योग्यच आहे, पण मालकाच्या विसराळूपणामुळे तिच्यात अडकणारे फोनही पुष्कळ असतात. मेमरी कार्ड आणि सिम काढून घेण्यासही विसरू नये.

खरेदीविषयी : फोनमध्ये *#०६# दाबल्यास फोनची स्वतंत्र ओळख सांगणारा पंधरा अंकी आयएमईआय क्रमांक दिसतो. दूरसंचार विभागाच्या ‘संचार साथी’ या संकेतस्थळावर किंवा ॲपवर तो तपासला की, फोन चोरीचा म्हणून रोखलेला आहे किंवा नाही ते कळते. दोन सिमच्या फोनला दोन क्रमांक असतात, दोन्ही तपासावेत. बिलाशिवाय फोन घेऊ नये. बॅटरी बदलली आहे का, बदलली तर कोणती, पडदा मूळ आहे का, याविषयी एकसारख्या नोंदी ठेवण्याची पद्धत जुन्या फोनच्या बाजारात अद्याप रुजलेली नाही. जुन्या मोटारीसाठी निदान नोंदणी पुस्तक असते, फोनसाठी तेवढेही नाही. खरेदीदाराचा विश्वास बसत नाही म्हणून भाव पडतो, आणि भाव पडतो म्हणून विकणारा फोन घरातच ठेवतो.

प्रश्न : फोनमध्ये सोने असते, तर एवढे मौल्यवान भंगार वाया जातेच कसे? फोनमधील सर्व मूलद्रव्ये परत मिळवता येतात का?
— रसायनशास्त्राची विद्यार्थिनी, म्हापसा, गोवा

उत्तर : सोने असते, पण एका फोनमध्ये अगदी कणभर. अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षण संस्थेच्या जुन्या, पण अजूनही उद्धृत केल्या जाणाऱ्या अंदाजानुसार दहा लाख फोनमधून सुमारे ३४ किलो सोने, ३५० किलो चांदी, १५ किलो पॅलेडियम आणि १६ टन तांबे मिळू शकते. म्हणजे एका फोनमध्ये ०.०३४ ग्रॅम सोने झाले. सोन्याचा भाव ग्रॅमला दहा हजार रुपये धरला, तर ते साडेतीनशे रुपयांच्या आत भरते. खाणीतील खनिजात टनामागे सहसा काही ग्रॅमच सोने असते, त्या तुलनेत टनभर फोन हे कितीतरी समृद्ध ‘खनिज’ आहे, यात शंका नाही. फरक असा की, खाणीत ते एका जागी असते आणि फोन लक्षावधी घरांत विखुरलेले असतात.

जपानने टोकियो ऑलिंपिकची पदके जुन्या उपकरणांतून बनवण्याचा संकल्प केला, तेव्हा एप्रिल २०१७ ते मार्च २०१९ या काळात देशभरातील नगरपालिका आणि दुकाने यांच्यामार्फत ७८,९८५ टन लहान उपकरणे आणि सुमारे ६२ लाख १० हजार मोबाइल फोन गोळा झाले. त्यातून पदकांसाठी ३२ किलो सोने, ३,५०० किलो चांदी आणि २,२०० किलो कांस्य मिळाले. शिस्तप्रिय देशाला, ऑलिंपिकच्या उत्साहाच्या लाटेवर, दोन वर्षे राबून मिळालेले हे सोने आहे. ‘शहरी खाण’ चालवायची तर धातुशास्त्राइतकेच कष्ट गोळा करण्याच्या व्यवस्थेवर घ्यावे लागतात, हे या आकड्यांतून समजते.

सर्व मूलद्रव्ये परत मिळतात का, या प्रश्नाचे उत्तर नाही असे आहे. बेल्जियममधील होबोकेन येथील युमिकोर या धातू पुनर्प्रक्रिया कंपनीचा कारखाना या क्षेत्रात अग्रगण्य मानला जातो आणि तेथे सतराच्या आसपास धातू वेगळे केले जातात. या पद्धतीत वितळलेले तांबे आणि शिसे हे वाहक ठरतात. सोने, चांदी, पॅलेडियम त्यांच्यात विरघळून येतात आणि पुढे वेगळे करता येतात. परंतु टँटलमसारखे ज्यांचे प्राणवायूशी घट्ट बंध जुळतात असे धातू ऑक्साइड बनून मळीत, म्हणजे भट्टीतून निघणाऱ्या टाकाऊ थरात, जातात. स्पीकर आणि कंपन यंत्रातील चुंबकांत निओडिमियम असते, त्याचीही तीच गत होते. काँगोच्या खाणींतून माणसांच्या हालअपेष्टांतून आलेला टँटलम अशा रीतीने कायमचा हरवतो. त्याला वाचवायचे तर भट्टीत टाकण्याआधी टँटलम असलेला भाग हाताने किंवा यंत्राने सुटा करावा लागेल, आणि येथे पुन्हा आपण रचनेच्या प्रश्नापाशी येतो : जो फोन सहज उघडत नाही, तो नीट रिसायकलही होत नाही. ॲपलने २०१८ मध्ये जाहीर केलेला ‘डेझी’ हा यंत्रमानव तासाला दोनशे आयफोन सुटे करू शकतो. परंतु तो एकाच कंपनीची ठरावीक मॉडेल ओळखतो. आपल्या भंगारात येणारे शेकडो मॉडेलचे फोन त्याच्यापुढे ठेवून उपयोग नाही.

भारत सरकारने सप्टेंबर २०२५ मध्ये ई-कचरा आणि जुन्या बॅटऱ्यांतून महत्त्वाची खनिजे मिळवण्यासाठी १,५०० कोटी रुपयांची प्रोत्साहन योजना मंजूर केली आहे. आपण रसायनशास्त्राच्या विद्यार्थिनी आहात. मळीत जाणारे धातू कमी खर्चात वेगळे करण्याचे काम आपल्या पिढीतील संशोधकांची वाट पाहत आहे.

प्रश्न : आम्ही सोसायट्यांमधून ई-कचरा संकलनाची मोहीम चालवतो. कायदा आहे, अधिकृत कारखाने आहेत, तरीही फोन भंगारवाल्याकडेच का जातात? कायदा कुठे कमी पडतो?
— स्वयंसेवक, पुणे

उत्तर : २ नोव्हेंबर २०२२ रोजी अधिसूचित झालेले आणि १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेले ई-कचरा व्यवस्थापन नियम उत्पादकावर जबाबदारी टाकतात. उत्पादकाने पूर्वी बाजारात आणलेल्या आणि आता आयुष्य संपलेल्या मालाच्या वजनापैकी २०२३-२४ व २०२४-२५ मध्ये ६० टक्के, पुढील दोन वर्षांत ७० टक्के आणि २०२७-२८ पासून ८० टक्के एवढ्या वजनावर प्रक्रिया झाल्याची प्रमाणपत्रे त्याने नोंदणीकृत कारखान्यांकडून विकत घ्यायची असतात. कागदावर ही रचना सुटसुटीत आहे. पण सारा हिशेब वजनात आहे, आणि फोनचे महत्त्व त्याच्या वजनात कधीच नसते.

प्रमाणपत्रांचे दर फारच खाली गेल्याने सरकारने किमान दर ठरवले, आणि स्मार्टफोनसाठी तो किलोमागे ३४ रुपये आहे. फोनचे वजन २०० ग्रॅम धरले तर एका फोनमागे सात रुपयेही होत नाहीत. हजारो रुपयांना विकलेल्या वस्तूच्या अंतासाठी उत्पादकावर पडणारा हा भार आहे, आणि या किमान दरांनाही काही मोठ्या इलेक्ट्रॉनिक कंपन्यांनी दिल्ली उच्च न्यायालयात आव्हान दिले. एवढ्या रकमेत घरोघरी जाऊन फोन गोळा करण्याचा खर्च निघणे शक्य नाही. प्रमाणपत्रेही सोने, तांबे, ॲल्युमिनियम आणि लोखंड या चार धातूंच्या आधारे मिळतात, त्यामुळे आधी उल्लेख केलेल्या टँटलम किंवा निओडिमियमसाठी कष्ट घेण्याचे कारण कारखानदाराला उरत नाही.

भंगारवाला मात्र दारात येतो आणि रोख पैसे देतो. त्याच्याकडील फोन मोठ्या व्यापाऱ्याकडे, तेथून दिल्लीतील सीलमपूरसारख्या बाजारात जातात. चालू होऊ शकणारे फोन दुरुस्त होतात, चांगले भाग निघतात, आणि हे काम खरोखर कौतुकास्पद आहे. उरलेले बोर्ड पुढे मुरादाबादसारख्या ठिकाणी उघड्यावर जाळले जातात किंवा आम्लात बुडवले जातात. तेथील शिसे, कॅडमियम आणि विषारी धूर कामगारांच्या, त्यांत स्त्रिया आणि मुलेही आली, शरीरात आणि रामगंगेच्या पात्रात जातो. एकाच साखळीत इतके उपयुक्त आणि इतके घातक काम जोडलेले आहे, हे लक्षात घेतल्याशिवाय धोरण ठरवू नये. केवळ छापे घालून ही साखळी तोडली, तर संकलन आणि दुरुस्ती बंद पडेल आणि जाळणे दुसऱ्या गल्लीत सुरू होईल. संकलन आणि सुटे करणे त्यांच्याकडेच ठेवावे आणि बोर्ड मात्र अधिकृत कारखान्याला विकणे त्यांना फायद्याचे ठरावे, अशी व्यवस्था हवी. २०२२ च्या नियमांनी उत्पादक (माल आपल्या नावाने बाजारात आणणारा), निर्माता (तो प्रत्यक्ष बनवणारा), नूतनीकरण करणारा आणि पुनर्प्रक्रिया करणारा यांचीच नोंदणी ठेवली आहे. गोळा करणाऱ्याला त्यात स्वतंत्र स्थान नाही, ही आमच्या मते मोठी उणीव आहे.

आपल्याच शहरात कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत या कचरावेचकांच्या संघटनेच्या कामातून उभी राहिलेली ‘स्वच्छ’ ही कचरावेचकांची सहकारी संस्था नागरिकांकडून ई-कचराही गोळा करते. आपल्या मोहिमेने अशा संस्थेशी हातमिळवणी करावी, असे सुचवावेसे वाटते. तसेच जमा झालेले फोन सरसकट एका खोक्यात न टाकता चालू, दुरुस्त होण्याजोगे आणि पूर्ण बंद असे तीन भाग संकलनाच्या टेबलावरच करावेत. एकदा सारे एकत्र पोत्यात पडले की पडदे फुटतात आणि चांगला फोनही भंगार होतो.

प्रश्न : जुन्या फोनची बॅटरी फुगली आहे. तो संकलनासाठी कुरिअरने पाठवावा का?
— दुकानदार, लातूर

उत्तर : मुळीच नाही. फुगलेल्या लिथियम-आयन बॅटरीत वायू साठलेला असतो. ती दाबली, टोचली किंवा तापली तर पेट घेऊ शकते. अशी बॅटरी वाहतुकीत धोकादायक असते, आणि संकलन केंद्रे व कारखाने ज्या गोष्टींना सर्वाधिक घाबरतात त्यांत तिचा क्रमांक वरचा आहे. फोन चार्ज करू नये, बंद करून ठेवावा, झाकण स्वतः उघडण्याचा प्रयत्न करू नये. वाळू भरलेल्या धातूच्या डब्यात, ऊन आणि ज्वालाग्राही वस्तूंपासून दूर तो ठेवावा आणि शक्य तितक्या लवकर जवळच्या जाणकार दुरुस्तीकाराकडे किंवा कंपनीच्या सेवा केंद्रात प्रत्यक्ष नेऊन द्यावा. बॅटरी सुरक्षितपणे निघाल्यावर उरलेला फोन दुरुस्त होतो का, हे तेथेच विचारून घ्यावे. पुष्कळदा नवी बॅटरी बसवल्यावर तो पूर्ववत चालू लागतो. काढलेली बॅटरी दुरुस्तीकाराने घरगुती कचऱ्यात टाकू नये, एवढे त्याला आवर्जून सांगावे. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार अशा बॅटऱ्या परत घेऊन त्यांच्यावर प्रक्रिया करवून घेण्याची जबाबदारीही उत्पादकाचीच आहे.